पाणी कुठवर आलंय?

आषाढ लागला की आमच्या घरात एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा विचारला जायचा. पाणी कुठवर आलंय? त्याचं उत्तर फुटांत कधी मिळालं नाही. "धुण्याचा दगड बुडाला." "नावेचा खुंट दिसंना झालाय." "चिंचेच्या बुंध्याला लागलं." दगड, खुंट, चिंच, पार आणि शेवटी आपला उंबरा, अशी आमच्या कृष्णेची मोजपट्टी होती. घाटावरून येणाऱ्यानं यातला एक शब्द उच्चारला की घरातली बाई चुलीपाशी बसल्या बसल्या ठरवायची, की आज शेणी माळ्यावर चढवायच्या का उद्या.

हे घर हरिपूरचं. सांगलीपासून कोस-दीड कोसावर, वारणा जिथं कृष्णेला मिळते तिथलं. १९६० ते १९७२ या बारा वर्षांत त्या घरात आम्ही अकरा भावंडं जन्मलो. चुलत आणि आते असा भेद आम्हाला लग्नाच्या पत्रिका छापायची वेळ येईपर्यंत नीट कळला नव्हता. आता कुणी डोंबिवलीत आहे, कुणी पिंपरीत, एक बेळगावात, दोघी मिरजेत. श्रावणात एका सोमवारी संगमेश्वराच्या जत्रेला मात्र जमेल तितकी जमतो. दर्शन झालं की घाटावर बसतो आणि आठवणी निघतात. त्यांवर आमचं कधी एकमत होत नाही. थोरली आत्येबहीण म्हणते पाणी चिंचेला लागलं तेव्हा ती दहावीला होती, दादा म्हणतो सातवीला. पण खुंट कुठं होता हे विचारलं तर अकराही बोटं एकाच जागेकडं जातात.

प्यायचं पाणी नदीचंच. पहाटे बायका घागरी घेऊन जायच्या तेव्हा नदीवर धुकं असायचं आणि पलीकडचं कोथळी दिसायचं नाही, नुसता तिथल्या कोंबड्यांचा आवाज यायचा. उन्हाळ्यात पात्र आटलं की वाळूत हातानं झरा उकरायचा आणि वाटीवाटीनं पाणी कळशीत भरायचं. तळाशी बारीक वाळू नाचत असायची. त्या पाण्याला एक गोडी होती. ती सांगताना धाकटी काकी आजही जिभेनं टाळूला स्पर्श करते. आषाढात नवं पाणी यायचं ते तांबडं, चहासारखं. आजी त्यात तुरटी फिरवायची. फिरवताना मोजत असायची आणि मध्ये कुणी बोललेलं तिला चालायचं नाही. सकाळी घागरीच्या तळाला बोटभर गाळ बसलेला असे. तो ती परसातल्या वांग्याला घालायची. कृष्णाकाठच्या वांग्यांचं कौतुक सगळा महाराष्ट्र करतो. त्या चवीचं कारण आम्ही रोज घागरीच्या बुडाशी बघत होतो. मळीच्या रानात नदी दर वर्षी तेच करायची, फक्त तिची घागर मोठी होती.

पोहायला शिकवायचं काम चुलत्यांचं. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि खोल पाण्यात ढकलून द्यायचं. दर दोन-तीन दिवसांनी डब्यात थोडं पाणी भरायचं, म्हणजे तो आपल्याला कमी उचलतो. एके दिवशी डबा पाण्यानं पुरता भरलेला असायचा आणि आपण तरंगत असायचो. मुलींनीही शिकायचं, हा आजीचा हुकूम होता. तिच्या माहेरची कुणी मुलगी पुरात गेली होती. ती ते कधी सविस्तर बोलली नाही. पण आमच्या घरातली एकही मुलगी पोहणं न शिकता सासरी गेली नाही.

आजी शाळेत गेली नव्हती. कृष्णा मात्र तिला मुखोद्गत होती, आणि तीही गावांच्या नावांनी नव्हे, देवांच्या. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात गाईच्या मुखातून बाहेर पडते. वाईला ढोल्या गणपतीच्या पायांशी येते. माहुलीला वेण्णा भेटते, कऱ्हाडला कोयना समोरून येऊन गळ्यात पडते. औदुंबराला दत्त, इथं संगमेश्वर, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा आणि पुन्हा दत्त, मग खिद्रापूरचा कोपेश्वर. त्यापुढं "कानडी मुलखात जाते" एवढंच ती म्हणायची. लेक परमुलखात दिल्यासारखा आवाज व्हायचा तिचा. नकाशात आम्ही पुढं बघितलं : कर्नाटक, आंध्र, बंगालचा उपसागर. उगमापासून सुमारे १४०० किलोमीटर. अरबी समुद्र उगमापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसताना ही बाई तिकडं पाठ करून अख्खं दख्खन ओलांडते, हे भूगोलाच्या तासाला कळलं तेव्हा आम्ही धावत येऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, "वाटेतली माणसं तहानलेली होती म्हणून गेली."

वयंसुद्धा ती कृष्णेवरच मोजायची. गुरू कन्या राशीत येतो तेव्हा कृष्णेत कन्यागताचा पर्वकाळ असतो, दर बारा वर्षांनी. घरातलं प्रत्येक माणूस कन्यागताच्या इतकं आधी किंवा इतकं नंतर जन्मलेलं होतं. १९८० च्या कन्यागताला तिनं आम्हा सगळ्यांना एसटीनं वाडीला नेलं. मनोहर पादुकांसमोर अकराही जणांना ओळीनं उभं केलं आणि मोजलं. परतताना पुन्हा मोजलं. वाडीचं दक्षिणद्वार मात्र तिला त्या खेपेला मिळालं नाही. पूर चढत चढत देवळात शिरतो, उत्तरेकडून पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतो, त्या पाण्यात स्नान करायला लोक रात्री-अपरात्री पोचतात. पूर म्हणजे नासधूस हे तर खरंच. पण जिथं देवळात पुराचं पाणी आलं की शंखनाद होतो आणि माणसं हात जोडतात, तिथं आमची पिढी वाढली. पाणी चढायला लागलं की थोरल्या काकी आधी खण-नारळानं कृष्णाबाईची ओटी भरून यायच्या, मग तांदळाची पोती हलवायला घ्यायच्या. आजही तो क्रम मला बरोबर वाटतो.

घराचा उद्योग हळदीचा. आणि हळद म्हटली की पेव.

मराठीत आपण सर्रास म्हणतो, अमक्याचं पेव फुटलंय. म्हणणाऱ्या बहुतेकांनी पेव पाहिलेलं नसतं. आम्ही पेवाच्या तोंडावर खेळत मोठे झालो. वरून बघाल तर जमिनीत माणूस जेमतेम उतरेल एवढं भोक. आत मात्र ते रांजणासारखं रुंदावत जातं, दोन-तीन पुरुष खोल. तळाला आणि कडेनं वाळला पाला, चटया लावायच्या, त्यावर हळद ओतायची, तोंड बंद करून वर माती लिंपायची. मग ती हळद वर्ष, दोन वर्षं, त्याहूनही जास्त तशीच राहायची. ना कीड, ना बुरशी. बाहेर काढली की रंग उलट चढलेला. नदी हाकेच्या अंतरावर असून पेव आतून कोरडं ठणठणीत, ही हरिपूरच्या घट्ट मातीची करणी. देशोदेशी जाणारी सांगलीच्या बाजारातली हळद आमच्या अंगणाखाली झोपलेली असायची. आम्ही तिच्यावर लगोरी खेळायचो.

पेव उघडायचा दिवस सणासारखा आणि धाकाचाही. तोंड उघडून ते बराच वेळ तसंच ठेवायचं, आतला कोंडलेला वायू जाऊ द्यायचा. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. ज्योत विझली तर अजून थांबायचं. आम्हा पोरांना दहा हात लांब उभं केलेलं असायचं. सगळे त्या दोरीकडं बघत असायचे आणि कुणी बोलायचं नाही. कंदील जळता वर आला की हमाल कमरेला दोर बांधून उतरायचा, आणि थोड्या वेळानं खालून त्याचा आवाज यायचा, मोठा, घुमणारा, एखाद्या देवळातून आल्यासारखा. पहिली पाटी वर यायची तेव्हा त्या वासानं डोळ्यांत पाणी यायचं. संध्याकाळी सगळे हमाल पिवळे होऊन नदीवर अंघोळीला जायचे. धाकटा चुलतभाऊ आता पिंपरीत गाड्यांचे सुटे भाग बनवतो. तो म्हणतो, घाटापासून चार हात नदी तेव्हा पिवळी व्हायची. दादाला हे पटत नाही. मला पटतं.

हरिपूरनं महाराष्ट्राला गोविंद बल्लाळ देवल दिले, १८५५ साली. 'शारदा' इथल्या पारावर बसून लिहिलं असं गावात सांगतात आणि आम्हीही पाहुण्यांना अभिमानानं तो पार दाखवायचो. पण पुराच्या रात्री आजोबा सांगायचे ती गोष्ट नाटकापेक्षा मोठी होती. २४ जुलै १९४३. वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून पळाले. कृष्णा दुथडी भरलेली. मागून गोळ्या. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले, वसंतदादांना गोळी लागली. आजोबा तेव्हा विशीतले होते. गोष्ट संपली की ते एवढंच म्हणायचे, "त्या पाण्यात मी उतरलो नसतो." पट्टीच्या पोहणाऱ्या आजोबांच्या तोंडून ते ऐकलं की बाहेरच्या पाण्याचा आवाज वाढल्यासारखा वाटायचा.

नदीचा मालक वर डोंगरात बसलेला आहे, हे घराला हळूहळू कळत गेलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानं फडताळातली भांडी खाली आली तेव्हा 'कोयना' हा शब्द थोरल्यांनी पहिल्यांदा भीतीनं ऐकला. पुढं धोमचं धरण झालं, वारणेवर चांदोलीचं झालं. उन्हाळ्यात नदीला पाणी राहू लागलं, मळीत ऊस आला, मोटा गेल्या आणि काठावर इंजिनांची फटफट सुरू झाली. घराला त्याचा फायदा झाला. अकरा जणांची शिक्षणं त्याच पाण्यावर झाली, हे विसरून चालणार नाही. पण वाळूतला झरा गेला, आणि मग वाळूही ट्रकनं गेली. कलिंगडाचे वेल लागायचे त्या जागी आता डोह आहेत. घरात नळ आला त्या दिवशी आजीनं पहिली कळशी भरली, देवापुढं ठेवली आणि स्वतः मात्र मरेपर्यंत नदीचंच पाणी प्यायली. खालच्या काठाला कारखान्यांची मळी सोडलेलं काळं पाणी येऊ लागलं, मासे पांढरे होऊन तरंगू लागले, ते बघायला ती राहिली नाही.

मोजपट्टी कधी बदलली ते नक्की सांगता येत नाही. रेडिओवर, मग टीव्हीवर सांगू लागले : आयर्विन पुलापाशी इतके फूट. सांगलीचा हा पूल १९२९ चा. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. कोयनेतून इतके क्युसेक सोडले, अलमट्टीतून इतके सोडले. आमची मुलं हे आकडे डोंबिवलीत बसून आमच्याआधी सांगतात. आकडा चुकत नाही, आणि माणसं वेळेवर हलवायला त्याचाच उपयोग होतो. पण बावन्न फूट म्हणजे आमच्या घरात नक्की कुठं, हे त्यावरून कळत नाही. म्हणून आम्ही अजूनही गावातल्या चुलतभावाला फोन करतो. पाणी कुठवर आलंय?

२००५ ला त्यानं सांगितलं, "पेवांत गेलंय." त्या दोन शब्दांनी घर संपलं असं म्हटलं तरी चालेल. वरून पाऊस, खालून नदी, आणि पिढ्यानपिढ्या कोरडी राहिलेली ती माती भिजली. गावातली कितीतरी पेवं ढासळली, हळद कुजली. पूर ओसरल्यावर काका पेवाच्या तोंडाशी उभे होते. आत कंदील सोडायची गरज नव्हती, वासावरून सगळं कळत होतं. हळद मग शीतगृहांकडं गेली. राहिलेली पेवं राहिलेल्या पुरांनी नेली.

२०१९ ला आकडा साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेला. चुलतभाऊ, वहिनी आणि म्हातारी काकी यांना बोटीनं बाहेर काढलं. त्याच दिवसांत वर ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटली आणि माणसं गेली. नदीवर वाढलेल्या आम्हा सगळ्यांना ती बातमी ऐकून पाठीवरचा डबा आठवला, आणि अपराधी वाटलं. आपण वाचलो, लांब राहिलो, ते सुटे भाग बनवत, पेपर तपासत. काकी ओली, थरथरत शाळेत बसलेली होती. फोनवर तिनं आधी विचारलं, "ओटी कुणी भरली का गं?" आमच्यापैकी कुणी भरली नव्हती. मिरजेच्या बहिणीनं दुसऱ्या दिवशी रस्ता जिथं संपत होता तिथल्या पाण्यात खण-नारळ सोडला. तो भर रस्ता होता. नारळ दुकानांच्या पाट्यांमधून तरंगत गेला, असं ती सांगते.

आता कोथळीला जायला पूल आहे. नाव नाही, त्यामुळं खुंटही नाही. चिंच २०१९ नंतर वाळली. धुण्याचा दगड गाळाखाली कुठंतरी असेल. भिंतीवर मात्र काकांनी विळ्यानं कोरलेली २००५ ची खूण आहे आणि तिच्यावर हातभर उंच २०१९ ची, ती चुलतभावानं ऑइलपेंटनं काढली. वास्तविक दोन्ही एकाच पद्धतीनं कोरायला हव्या होत्या, असं दादाचं म्हणणं आहे. त्यावरून यंदाही वाद झाला.

यंदाच्या सोमवारी अकरापैकी सात जण होतो. बेळगावची बहीण घाटाची एकेक पायरी धरून उतरली, पाण्यात पाय सोडून बसली आणि हिशेब करू लागली. पुढचं कन्यागत २०२८ ला. म्हणजे दादा अडुसष्टचा, ती पासष्टची, धाकटा छप्पन्नचा. "मला धरून उतरवायला लागेल," ती म्हणाली. धाकट्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, तिच्या खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिला आणि बुडालेल्या पायऱ्या पायानं चाचपत मोजू लागला.