साठीनंतरचें तर्कशास्त्र

साठी उलटलेल्या मनुष्यानें काय करावें, ह्याविषयीं आपल्या एकत्र कुटुंबांत सहसा मतभेद नसतो. सकाळीं देवपूजा करावी, दुपारीं वामकुक्षी घ्यावी, संध्याकाळीं नातवंडांस फिरावयास न्यावें, आणि मधल्या वेळांत कोणी विचारल्याशिवाय सल्ला देऊं नये, एवढी त्याची दिनचर्या सर्वांनीं मिळून ठरविलेली असते. शाळेंतून निवृत्त झाल्यावर आम्हींहि हा क्रम कांहीं वर्षें निमूटपणें पाळला. परंतु दोन वर्षांपूर्वीं आमच्या धाकट्या नातीनें अकरावीस कला शाखा घेऊन तर्कशास्त्र हा विषय निवडला, आणि आमची वामकुक्षी संपली.

तिचें पाठ्यपुस्तक आम्हीं प्रथम उघडलें तें तिला शिकविण्याच्या हेतूनें, हें कबूल केलें पाहिजे. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पण संस्कृत वडिलांजवळ झालेलें. सतराव्या शतकांतील अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह त्यांनीं आमच्याकडून बाराव्या वर्षींच मुखोद्गत करवून घेतला होता. न्यायशास्त्र मुलांस सुलभ व्हावें म्हणून लिहिलेला तो लहानसा ग्रंथ आम्हीं सुखानें पाठ केला. बोध तेवढा राहून गेला. पर्वतावर अग्नि आहे, ही प्रतिज्ञा. धूर दिसतो म्हणून, हा हेतु. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर, हें उदाहरण. हा पर्वतहि तशाच धुरानें युक्त आहे, हा उपनय. म्हणून तेथें अग्नि आहे, हें निगमन. हे पांच अवयव आम्ही झोपेंतहि म्हणूं शकलों असतों. तेव्हां नातीच्या पुस्तकांतील ॲरिस्टॉटलचीं तीन वाक्यें पाहून, ‘दोन वाक्यांची काटकसर केली, एवढेंच!’ असा शेरा आम्हीं मारला.

नात कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं तिनें विचारलें, “आजोबा, हा युक्तिवाद वैध आहे कीं नाहीं, सांगा. सर्व मास्तर आकाशांत उडतात. तुम्ही मास्तर आहांत. म्हणून तुम्ही आकाशांत उडतां.”

“साफ अवैध!” आम्ही उत्तरलों.

“असत्य आहे, आजोबा, अवैध नाहीं.”

ह्या एका वाक्यानें आम्हांस तीन आठवडे झुलविलें. आमच्या न्यायशास्त्राचा सारा रोख यथार्थ ज्ञानाकडे. म्हणून तें पदोपदीं उदाहरण मागतें, स्वयंपाकघर दाखवा म्हणतें. हें निगामी तर्कशास्त्र मात्र केवळ सांचा पाहतें. आधारविधानें सत्य असतील, तर निष्कर्ष सत्य असल्यावांचून राहणार नाहीं, असा सांचा असला कीं तो युक्तिवाद वैध. माप बरोबर आहे कीं नाहीं हें तपासणारा मनुष्य त्यांत धान्य भरलें आहे कीं खडे, हें विचारीत नाहीं. तसाच हा प्रकार. पण मापाची परीक्षा निराळी आणि धान्याची निराळी, हें समजण्यास आम्हांस सदुसष्टावें वर्ष उजाडावें लागलें. साठी बुद्धि नाठी म्हणतात. पण ती पूर्वीं तरी कितपत जाग्यावर होती, अशी शंका आम्हांस येऊं लागली.

मग मात्र आम्हीं रीतसर शिष्यत्व पत्करलें. दुपारीं झोंपाळ्यावर वही घेऊन बसावें, नातीनें उदाहरणें घालावीं, आणि आम्हीं तीं सोडवावीं. जर-तरच्या विधानांत ती फार कसून परीक्षा घेई. पाऊस पडला तर अंगण ओलें होतें, असें मानूं. पाऊस पडला, म्हणून अंगण ओलें झालें, हें वैध. अंगण ओलें नाहीं, म्हणून पाऊस पडला नाहीं, हेंहि वैध. परंतु अंगण ओलें आहे, म्हणून पाऊस पडला, हें अवैध. सूनबाईंनीं सडा घातला असेल. पाऊस पडला नाहीं, म्हणून अंगण कोरडें, हेंहि त्याच कारणानें अवैध. शब्द तेच, क्रम उलटला कीं सत्याची हमी जाते.

गणितज्ञ ऑयलर ह्यानें एका जर्मन राजकन्येस लिहिलेलीं पत्रें १७६८ सालापासून छापून प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांत वर्तुळें काढून युक्तिवाद तपासण्याची रीत सांगितलेली आहे. ती रीत आम्हांस फार मानवली. एके दुपारीं तिसऱ्या प्रकारच्या युक्तिवादासाठीं मोठ्या वर्तुळांत लहान वर्तुळ काढीत असतां आमची पेन्सिल थांबली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वींचा एक वर्ग डोळ्यांपुढें उभा राहिला.

साल १९८७, नववीची सहामाही परीक्षा. ‘पथिन्’ शब्दाचें प्रथमेचें एकवचन आम्हीं विचारलें होतें. एका बाकावरील दोन मुलांनीं ‘पथी’ असें लिहिलें. पाहून लिहिणाऱ्याची चूक शेजाऱ्याच्या चुकीसारखीच असते. ह्याची चूक शेजाऱ्यासारखीच आहे. म्हणून ह्यानें पाहून लिहिलें, असें आम्हीं ठरविलें. दोघांपैकीं एक गांवांतील प्रतिष्ठित घरचा आणि हुशार म्हणून गाजलेला, दुसरा मजुराचा मुलगा. कोणीं कोणाचें पाहिलें हें ठरविण्यास आम्हांस क्षणहि लागला नाहीं. त्या दुसऱ्या मुलास उभें करून जाब विचारला. तो म्हणाला, “गुरुजी, शशिन्‌चें शशी, तसें पथिन्‌चें पथी.” हा उद्धटपणा समजून आम्हीं त्यास छडी मारली, उत्तरपत्रिकेवर शून्य लिहिलें, आणि भर वर्गांत त्यास चोर म्हटलें. दिवाळीची सुट्टी संपली. तो मुलगा शाळेंत परत आला नाहीं.

आतां तीं दोन वर्तुळें आमच्यापुढें होतीं. पाहून लिहिणाऱ्यांचें वर्तुळ लहान. सारखी चूक करणाऱ्यांचें मोठें. मुलगा मोठ्या वर्तुळांत होता, एवढेंच आम्हांस ठाऊक होतें. तो लहान वर्तुळांत होता, हें कशावरून? आणि खेदाची गोष्ट ही कीं, वडिलांनीं शिकविलेल्या शास्त्रांतहि हें होतेंच. धूर तेथें अग्नि, हें खरें. पण अग्नि तेथें धूर, हें खरें नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. धूर होण्यास ओलें सर्पण लागतें. ह्यास नैयायिक उपाधि म्हणतात. आमच्या न्यायनिवाड्यांतील ओलें सर्पण म्हणजे शेजाऱ्याच्या कागदाकडे पाहणें. आणि त्याला पाहतांना कोणींच पाहिलें नव्हतें.

ह्याहून अधिक बोचलें तें निराळेंच. ‘इन्’नें संपणाऱ्या पुल्लिंगी शब्दांचें हें रूप ‘ई’कारान्त होतें, पथिन् हा तसा शब्द आहे, म्हणून पथी. ह्या तर्काचा सांचा निर्दोष आहे. पहिलें विधान तेवढें चुकलें, कारण पथिन् हा अपवाद आहे. त्या वर्गांत वैध तर्क एकट्या त्या मुलानें केला होता, आणि छडी आमच्या हातांत होती.

नातीस आम्हीं सर्व सांगितलें. ती म्हणाली, “आजोबा, ते आतां कोठें असतात?”

चौकशी करतां कळलें कीं, तालुक्याच्या गांवीं त्याचें विजेच्या मोटारी दुरुस्त करण्याचें दुकान आहे. एसटीनें आम्ही तेथें गेलों. पन्नाशी उलटलेल्या त्या गृहस्थानें आम्हांस ओळखलें, खुर्ची दिली, चहा मागविला. आम्हीं झालें तें सांगितलें व क्षमा मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “गुरुजी, त्या दिवाळींत वडील आजारी पडले, शाळा तशीहि सुटलीच असती. पण नंतर परत यावें असें कधीं वाटलें नाहीं, तें मात्र त्या दिवसामुळें.” म्हणजे, मारलें म्हणून शाळा सोडली, हें आमचें अनुमानहि अर्धेंच खरें होतें. तें उरलेलें अर्धें ओझें आम्हीं निमूटपणें घेतलें.

निघतांना तो म्हणाला, “बरोबर रूप काय होतें, तें तुम्हीं तेव्हां सांगितलेंच नाहीं.”

“पन्थाः,” आम्हीं सांगितलें. त्यानें तें पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहून घेतलें.

तर्कशास्त्र शिकून आम्ही शहाणे झालों, असें आमच्या घरांत कोणी म्हणणार नाहीं. एवढें मात्र झालें कीं, कोणावर ठपका ठेवण्यापूर्वीं ‘म्हणून’ ह्या शब्दापाशीं आम्ही थांबतों, आणि हीच खूण निर्दोषी माणसाच्या ठिकाणींहि असूं शकेल काय, असें स्वतःस विचारतों. ज्या घरांत वडीलधाऱ्यांचा शब्द अखेरचा असतो, तेथें हा प्रश्न वडीलधाऱ्यांनींच विचारला पाहिजे. दुसरें कोणी तो त्यांस विचारीत नाहीं.

नात आतां बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली आहे. पुस्तक आम्हीं ठेवून घेतलें आहे. शेवटचीं दोन प्रकरणें अजून व्हावयाचीं आहेत.