कोपऱ्यात राहिलेली चाळ

गिरगावातल्या चाळीतली खोली म्हणजे साधारण दहा बाय बारा. दाराला पाठ लावून उभं राहिलं, की समोरची भिंत बारा फुटांवर. कॅमेऱ्याला ५० मिमीची लेन्स असेल, तर त्या भिंतीचा जेमतेम साडेआठ फुटांचा तुकडा फोटोत येतो. ३५ मिमी लावली, तर अख्खी भिंत मावते आणि बाजूच्या भिंतींची नुसती कड दिसते. २१ मिमी लावली, तर समोरची भिंत, डावी-उजवी भिंत, लादी, वरचा माळा अशी सगळी खोलीच चौकटीत येऊन बसते. चाळीचे फोटो काढणाऱ्याला वाइड अँगल लेन्सची ओढ का लागते, ते या हिशेबावरून कळतं. मागे सरकायला तिथे जागाच नसते.

ऐंशीच्या दशकात मी चाळीचे फोटो काढायला लागलो, तेव्हा २१ मिमीची लेन्स आम्ही फक्त परदेशी मासिकांच्या जाहिरातींत पाहायचो. माझ्याकडे होता सोव्हिएत बनावटीचा झोर्की-४, फोर्टातल्या बोरा बाजारातून सेकंडहँड घेतलेला. पुढे पैसे साठवून त्याला ज्युपिटर-१२ ही ३५ मिमीची लेन्स घेतली. युद्धापूर्वी लुडविग बर्टेले यांनी झाइस कंपनीसाठी जी बायोगॉन लेन्स रचली, तिच्यावरूनच ही ज्युपिटर बेतलेली. तिची मागची काच कॅमेऱ्याच्या पोटात खोल जायची, म्हणून ती बसवताना श्वास रोखला जायचा. अॅपर्चरची कडी पुढच्या तोंडाच्या आत. ते बदलायचं तर कॅमेरा उलटा आपल्याकडे वळवायचा, आकडा बघायचा आणि बोटाच्या टोकाने कडी फिरवायची. शटर ताणल्याशिवाय वेगाची चकती फिरवायची नाही, हा झोर्की वापरणाऱ्याने पहिल्या दिवशी पाठ करायचा नियम.

झोर्की हा रेंजफाइंडर. त्यात एसएलआरसारखा आरसा नाही, त्यामुळे लेन्समधून काहीच दिसत नाही. वरच्या छोट्या खिडकीतून समोरचं दृश्य दिसतं, त्याच्या मधोमध एक फिकट ठिपका असतो आणि त्या ठिपक्यात वस्तूच्या दोन प्रतिमा. लेन्स फिरवत दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसवल्या, की फोकस झाला. पण ती खिडकी ५० मिमीच्या हिशेबाने केलेली. ३५ मिमी लावली, की डोक्यावर फिरत्या चकतीचा वेगळा व्ह्यूफाइंडर चढवायचा. त्यात २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ अशा पाच काचा. फोकस एका खिडकीतून, चौकट दुसऱ्या खिडकीतून. ती दुसरी खिडकी लेन्सच्या वर काही सेंटिमीटर असल्यामुळे जवळच्या माणसाचा फोटो काढताना आपल्याला दिसलेली चौकट आणि फिल्मवर उमटलेली चौकट यांत फरक पडायचाच. कडेला नेमकं काय आलंय, हे फोटो काढताना कुणालाच ठाऊक नसे.

फिल्म पूर्व जर्मनीची ओर्वो, नाहीतर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू. शंभर फुटी डबा दोघा-तिघांत मिळून आणायचा, काळ्या पिशवीत हात घालून रिकाम्या कॅसेटमध्ये फिल्म भरायची. झोर्कीत लाइट मीटर नव्हता. दारातून खोलीत येणारा उजेड बघून वेग ठरवायचा, चौकटीला खांदा टेकवून कॅमेरा स्थिर धरायचा. रात्री घरातली माणसं झोपली, की मोरीला काळा कपडा लावून तिची डार्करूम व्हायची. पाटावर एन्लार्जर, ओळीने तीन ट्रे, आणि लाल दिव्यात डेव्हलपरखाली कागदावर हळूहळू वर येणारी माणसं.

त्या काळी फोटो काढून झाला, की चाळीत एकच प्रश्न असायचा, "फोटो कधी मिळणार?" रोल संपेपर्यंत कुणी काही सांगू शकत नसे. गोकुळाष्टमीला लावलेला रोल कधी गणपतीत संपायचा. तोवर रोज जिन्यात कुणीतरी आठवण करून द्यायचं. मग एक दिवस पाकीट घेऊन मी गॅलरीतून चालत जायचो आणि दारादारात फोटो वाटायचो. आज कॅमेरा खाली आला, की पोरं अंगावर येतात, "काका, दाखवा ना!" कॅमेरा फिरवून पडदा दाखवला, की लगेच हसणं आणि लगेच निकाल, "माझे डोळे मिटलेत, परत काढा." हा आनंद खरा आहे आणि मला तो हवासा वाटतो. ज्याचा फोटो, त्याला तो त्याच क्षणी दिसावा, ही मोठीच सोय झाली. फक्त पाकीट घेऊन दारोदार जाणं संपलं.

मधली काही वर्षं मात्र वाइड लेन्सवाल्यांची पंचाईत झाली होती. २००४ साली एप्सनने आर-डी१ काढला, तो पहिला डिजिटल रेंजफाइंडर. सहा मेगापिक्सेलचा, शटर ताणायचा खटका ठेवलेला, वर काट्यांच्या तबकड्या. २००६ साली लायका एम८ आला. दोन्ही कॅमेरे देखणे, पण त्यांचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. एप्सनवर २१ मिमीची लेन्स जवळजवळ ३२ मिमीसारखी दिसायची, एम८ वर २८ मिमीसारखी. १९५४ साली लायका एम३ बरोबर आलेली लेन्स पन्नास वर्षांनंतरच्या कॅमेऱ्यावर सहज बसत होती, पण तिच्या चित्राच्या कडा सेन्सरच्या बाहेर सांडत होत्या. वाइड लेन्स घेऊनही वाइड फोटो मिळत नव्हता.

२००९ साली एम९ ने फिल्मएवढाच सेन्सर आणला, तेव्हा दुसरी अडचण पुढे आली. रेंजफाइंडरमध्ये आरसा नसल्यामुळे वाइड लेन्सची मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ येते, आणि कोपऱ्यांकडे जाणारे किरण फार तिरके पडतात. फिल्मला त्याचं काही वाटत नसे, ती कुठूनही आलेला उजेड झेलायची. सेन्सरचं तसं नाही. तिथे प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक सूक्ष्म खळगा. उजेड वरून सरळ आला तर आत उतरतो, फार तिरका आला तर काठावर अडतो नाहीतर शेजारच्या खळग्यात जातो. म्हणून जुन्या वाइड लेन्सच्या फोटोंत कोपरे काळवंडायचे आणि त्यांच्यावर लालसर-जांभळी झाक यायची. सेन्सरवरची सूक्ष्म भिंगं कडेला जराशी सरकवून बसवणं, लेन्सवर खुणा ठेवून कॅमेऱ्याला ती ओळखू देणं, असे उपाय झाले. मग लेन्स बनवणाऱ्यांनीही रचना बदलली. जपानच्या कोसिना कंपनीने फोग्टलँडर नावाने काढलेली १५ मिमीची हेलियार २०१५ साली नव्याने रचली, ती मुख्यतः याच कारणासाठी.

मी आत्ता घेतलेली लेन्स त्याच कंपनीची, २१ मिमी, एफ-३.५ ची कलर-स्कोपार. तळहातात लपेल एवढी, सगळी धातूची. ती मी लायका एम१० वर लावतो. या कॅमेऱ्यात एक गोष्ट मला मनापासून आवडते. जुन्या फिल्मच्या लायकावर डाव्या हाताला रोल मागे गुंडाळायची खुंटी असायची, तिथेच आता आयएसओची चकती आहे. जुन्या हाताला नवं काम सापडतं. दाराशी टेकून थरथरत्या हाताने काढलेले ते फोटो आठवतात आणि चकती ३२०० वर नेऊन अंधाऱ्या जिन्यात सहज फोटो निघतो, तेव्हा या यंत्राबद्दल कृतज्ञता वाटते.

या लेन्सची पहिली परीक्षा गिरगावातच घेतली. अॅपर्चर एफ-८, अंतर दोन मीटर. एवढं केलं, की सुमारे एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं, फोकसला पुन्हा हात लावायचा नाही. ज्युपिटरवर हेच करायचं तर लेन्स पाच मीटरवर ठेवावी लागे आणि जवळची हद्द अडीच मीटरवर अडायची. चाळीच्या गॅलरीत अडीच मीटर म्हणजे शेजारच्याच्या उंबरठ्यापलीकडे. अर्थात लेन्सवर कोरलेले हे आकडे फिल्मच्या जमान्यातल्या हिशेबाचे आहेत. आजचा सेन्सर चोखंदळ असतो, म्हणून एक पायरी आणखी बंद करून घेतलेली बरी. कॅमेरा अगदी समपातळीत धरावा लागतो. जरा खाली झुकला, की गॅलरीचे खांब तिरके होतात. माणूस चौकटीच्या टोकाला गेला, की त्याचा चेहरा ताणला जातो, म्हणून माणसं मधल्या भागात ठेवायची. या लेन्सने माणूस मोठा हवा असेल, तर त्याच्या हातभर जवळ जावं लागतं. लांबून चोरून फोटो काढणं तिला जमत नाही. आधी "काढू का?" विचारावं लागतं, चहा होतो, गप्पा होतात, मग फोटो. ही रीत तेव्हाही अशीच होती.

एम१० च्या खिडकीत २८ मिमीपर्यंतच्याच चौकटी दिसतात. २१ साठी पुन्हा डोक्यावर वेगळा व्ह्यूफाइंडर चढवा, नाहीतर मागच्या पडद्यावर लेन्समधलं थेट चित्र बघा. पडद्यावर चारही कोपरे स्वच्छ दिसतात. पहिल्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं, की पडदा बघता बघता मी कोपरे साफ करतोय. चार्जरची वायर दिसली, जरा डावीकडे सरकलो. पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट आला, खाली बसलो. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची नको, म्हणून पुढे झालो. फोटो नेटके आले. घरी येऊन जुन्या कॉन्टॅक्ट शीट काढल्या आणि भिंग घेऊन बसलो.

एक चौकट सांगतो. मधोमध उंबरठ्यावर तांदूळ निवडत बसलेल्या आजी. फोटो मी त्यांचा काढला होता, त्यांच्या हातांवर पडलेल्या उजेडासाठी. आज भिंग आपोआप कडेला सरकतं. डाव्या कोपऱ्यात आरेच्या दुधाच्या बाटल्यांचा तारेचा कॅरिअर. त्याच्यावर अर्धी कापली गेलेली शिवणयंत्राच्या चाकाची कड. वर फळीवर ओळीने पितळेचे डबे, त्यातल्या एकाचं झाकण दुसऱ्याच डब्याचं. उजव्या कडेला ट्रंकेवर वळकट्या, आणि त्यांच्या वर भिंतीवर कालनिर्णय. पान ऑक्टोबरचं. त्यावर पेनाने गोल केलेल्या तारखा, बहुधा गॅस किंवा दुधाच्या हिशेबाच्या. यातलं काहीही मी ठरवून घेतलेलं नाही. मला ते दिसतही नव्हतं. आजींच्या नातीने अलीकडे हा फोटो पाहिला, तेव्हा आजींचा चेहरा बघून ती हसली आणि मग कितीतरी वेळ त्या झाकणाकडे बघत राहिली.

तेव्हाच्या आणि आताच्या वाइड लेन्समध्ये मला सगळ्यात मोठा फरक दिसतो तो हा. लेन्स आज नि:संशय चांगली आहे. कोपरे तेव्हापेक्षा स्पष्ट, रंग खरे, अंधाराची भीती नाही. जी लेन्स अंगवळणी पडायला पूर्वी वर्षभराचे रोल खर्ची पडत, ती आता संध्याकाळभरात कळते. पण तेव्हा कोपरे आम्हाला दिसत नव्हते, म्हणून त्यांत चाळ आपसूक शिरायची. आता ते दिसतात, म्हणून आपण तिला बाहेर काढतो. चार्जरची वायर, पाण्याचा क्रेट, प्लास्टिकची खुर्ची हेच आजच्या चाळीचं डब्यांचं झाकण आणि वळकटी आहे. आणखी तीस वर्षांनी बघणारा नेमकं तेच शोधेल.

त्यानंतर मी थेट चित्र बंद करून वरचा व्ह्यूफाइंडरच वापरतो. गिरगावात १८९३ साली ज्या केशवजी नाईकांच्या चाळींत सार्वजनिक गणपती बसला, त्या परिसरातही आता जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची भाषा घरोघरी चालू असते. गॅलऱ्यांना काचा लागल्या, काही चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले. म्हणून सांगतो. तुमची चाळ, वाडा, आजोळचं घर पडायच्या आधी एकदा वाइड लेन्स घेऊन आत जा. महागडी लेन्सच हवी असं नाही, आजच्या अनेक फोनमध्ये याहूनही वाइड लेन्स असते. माणसांना विचारून जवळ जा, फोटो काढा, पण आवराआवर करायला सांगू नका. नंतर कडा कापू नका. मूळ फाइल जपून ठेवा, आणि एक प्रिंट काढून त्या घरात नेऊन द्या.