हरकत असल्यास साठ दिवसांत

निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली, की आमच्या नाशिकला दोन प्रकारचे पाहुणे येतात. एक म्हणजे पुण्या-मुंबईत नोकरी करणारे, "घरी आलोय यार, कुठेतरी जाऊया" म्हणणारे आमच्यासारखे. दुसरे हजारो किलोमीटर उडून येणारे, मध्य आशिया आणि सायबेरियाकडचे. दोघांची गाठ पडते नांदूरमध्यमेश्वरला. एकांकडे कॅमेरे असतात, दुसऱ्यांकडे पंख. :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाशिकपासून साधारण ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात तिथे इंग्रजांच्या काळातला एक बंधारा आहे. बांधला शेतीच्या पाण्यासाठी. पण नदीने गाळ आणून टाकला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना जागा आवडली. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं. २०१९ साली रामसर यादीत नाव गेलं. असा मान मिळालेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. रामसरच्या नोंदीत इथल्या ५३६ प्रजाती आहेत. त्यात एक छोटासा मासा आहे, ज्याचं इंग्रजी नाव चक्क 'देवळाली मिनो'. आपल्या देवळालीच्या नावाचा मासा जगातून नाहीसा व्हायच्या बेतात आहे, हे मला तरी कॉलेज संपेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

आता एक आकडा लक्षात ठेवा. अभयारण्य सुमारे १०० चौरस किलोमीटरचं, पण रामसर नोंदीतली जागा १,४३७ हेक्टर, म्हणजे साधारण १४ चौरस किलोमीटर. मग उरलेल्या अभयारण्यात काय आहे? ऊस, द्राक्षं, कांदा, विहिरी, रस्ते, वस्त्या. म्हणजे आपण ज्याला 'अभयारण्य' म्हणून बघायला जातो त्याच्या बऱ्याच भागात कोणाचं तरी घर आणि शेत आहे. आजच्या पोस्टचा विषय हाच. तिथे कोणी काय करावं आणि काय करू नये, हे ठरवताना कोणाला विचारायचं?

विषय निघाला तो आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. एका मित्राने भिगवणचे फोटो टाकले. उजनीच्या फुगवट्यावर मासेमारीच्या बोटीतून फ्लेमिंगोंच्या अगदी जवळ जाऊन काढलेले, एकदम कडक फोटो. खाली त्याचा प्रश्न, "हे भिगवणला होतं, तर आपल्या नांदूरला का नाही? बोट सोडा ना राव! गावातल्या पोरांना रोजगार, आपल्याला फोटो." तासाभरात वीस अंगठे वर.

प्रश्न वाईट नाही. भिगवणला मासेमारी करणाऱ्यांच्या हाताला बोटींमुळे खरंच काम मिळालं. पण उजनीचं पाणी प्रचंड पसरलेलं आहे. एका बाजूने उठवलेला थवा दुसऱ्या बाजूला जाऊन बसू शकतो. नांदूरचं पाणी उथळ आणि आटोपशीर. मनोऱ्यावर उभं राहिलं की जांभळ्या पाणकोंबड्या, चक्रवाक, चमचे, उघड्या चोचीचे करकोचे असे सगळे एका दुर्बिणीच्या टप्प्यात येतात. जागेची मजाच ती आहे. तिथे एक मोटारबोट फिरली की सगळ्यांचं एकदम बस्तान उठणार. पक्षी उडतो म्हणजे फोटोत छान दिसतो, पण त्याच्या हिशेबात ते इंधन जाळणं असतं. मार्चमध्ये परत जायला लागणारी चरबी तो इथल्या चिखलातून गोळा करत असतो. आपण दर वीस मिनिटांनी त्याची टाकी थोडी रिकामी करायची?

त्यानंतरच्या रविवारी चापडगावच्या मनोऱ्यावर गाइडला मुद्दाम विचारलं. गावातलाच मुलगा, वयाने माझ्यापेक्षा लहान, पण पक्ष्यांची मराठी, इंग्रजी, शास्त्रीय अशी तिन्ही नावं तोंडपाठ.

"भाऊ, इथे बोट सुरू केली तर?"

तो हसला. "दादा, बोट आली तर मला पैसे जास्त मिळतील, खोटं कशाला बोलू. पण पक्षी उठून गेले तर दुसऱ्या वर्षी बोटीत बसायला तरी कोण येईल? बोटीपेक्षा त्या गाड्यांचं बघा काहीतरी. पार पाण्यापर्यंत आणतात. वर स्पीकर."

मग थोडं थांबून म्हणाला, "आणि आमच्या वावरातल्या रस्त्याचंबी बघा. नवीन काही करायचं म्हटलं की अभयारण्य म्हणतात."

दोन मिनिटांत त्याने तीन मुद्दे मांडले होते. बोट नको, गाड्या आवरा, आणि आमच्या जगण्याचा रस्ता बंद करू नका. आमच्या ग्रुपवर वीस अंगठ्यांमध्ये एकही मुद्दा नव्हता.

तर आता कायदा काय म्हणतो ते बघू. (बोअर होईल असं वाटत असेल तर चहा घेऊन बसा, पण वाचा.)

अभयारण्याच्या भोवती 'इको-सेन्सिटिव्ह झोन' ठरवतात. केंद्र सरकार आधी मसुदा राजपत्रात छापतं, आणि छापल्यापासून साठ दिवसांत कोणीही लेखी हरकत किंवा सूचना पाठवू शकतं. कोणीही, म्हणजे तुम्ही, मी, तो गाइड, द्राक्षवाला शेतकरी, रिसॉर्ट काढू पाहणारा बिल्डरसुद्धा. अशा अधिसूचनांमध्ये कामांचे तीन गट असतात: बंदी असलेली, नियमन करून चालणारी, आणि प्रोत्साहन द्यायची. नवीन हॉटेल-रिसॉर्ट कुठे चालणार नाही हे त्यात असतं. शिवाय अंतिम अधिसूचनेनंतर साधारण दोन वर्षांत राज्याने स्थानिक लोकांशी बोलून झोनल मास्टर प्लॅन करायचा असतो आणि पर्यटनाचा आराखडा त्याचाच भाग. म्हणजे गाड्या कुठे थांबतील, टेंट कुठे चालेल, हे ठरवायची जागा कागदावर आहे.

दुसरी जागा वन्यजीव कायद्यातच आहे. कलम ३३ब प्रमाणे अभयारण्यासाठी सल्लागार समिती हवी. त्यात स्थानिक आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव क्षेत्रात काम करणारी तीन माणसं वगैरे. आजूबाजूच्या लोकांचा सहभाग कसा घ्यायचा हे सांगणं हे त्या समितीचं कामच आहे.

सिस्टिम डिझाइन म्हणून बघितलं तर वाईट नाही. प्रॉब्लेम युजर इंटरफेसमध्ये आहे. केंद्राचं राजपत्र हिंदी आणि इंग्रजीत. नकाशे अक्षांश-रेखांशांच्या तक्त्यात. हरकत पाठवायची दिल्लीला. चापडगाव किंवा मांजरगावच्या माणसाने गट नंबर शोधायचा तर कुठे? ज्याच्याकडे सांगण्यासारखं सगळ्यात जास्त आहे त्याला फॉर्म कळत नाही, आणि ज्याला फॉर्म कळतो त्याच्याकडे सांगायला 'टॉयलेट हवं, बोट हवी' एवढंच असतं. साठ दिवस संपतात. फाइलवर शेरा पडतो की सूचना विचारात घेतल्या. आमच्या धंद्यात याला क्लायंटने न वाचता दिलेला साइन-ऑफ म्हणतात, आणि असं सॉफ्टवेअर पहिल्याच सोमवारी झोपतं.

बाहेर हे कसं चालतं? अमेरिकेत १९६८ पासून खास नद्यांसाठीच कायदा आहे, 'वाइल्ड अँड सीनिक रिव्हर्स अ‍ॅक्ट'. योसेमिटीमधली मर्सेड नदी १९८७ साली त्यात आली. तिचा आराखडा कोर्टात गेला, आणि कोर्टाने एका मुद्द्यावर पुन्हा पुन्हा बोट ठेवलं: या नदीकाठाला माणसं किती झेपतात, ते नीट ठरवा. शेवटी २०१४ साली नवा आराखडा आला. त्याच्या मसुद्यात राफ्ट आणि सायकली भाड्याने देणं बंद करायचं होतं. लोकांनी हजारोंनी लिहिलं. अंतिम आराखड्यात भाड्याने देणं राहिलं, पण दुकान नदीकाठावरून मागे हललं. बंदी आणि मोकाट यांच्या मधली तिसरी जागा सापडली, ती लोकांनी नेमकं लिहिलं म्हणून.

आपल्याकडे नदी म्हणून नदीला वाचवणारा असा कायदा नाही. नदीकाठच्या उद्योगांवर बंधनं घालणारं नदी नियमन क्षेत्र धोरण महाराष्ट्रात होतं, ते २०१५ साली रद्द झालं. म्हणून हे साठ दिवस आणि ती समिती जास्तच महत्त्वाची.

आणि नाशिककरांना हरकत घेता येत नाही असं अजिबात नाही! २०२५ च्या नोव्हेंबरात तपोवनातली झाडं साधुग्रामसाठी तोडायचा विषय आला, तेव्हा शेकडो लोकांनी हरकती दिल्या, सुनावणीला गर्दी केली. आमच्या ग्रुपवरच्या सहा जणांनी लिहून दिलं होतं. कारण तपोवन आपल्या रोजच्या रस्त्यावर आहे. चाळीस किलोमीटर खालची नदी मात्र आपल्यासाठी फक्त रविवार असते.

लिहायचं कसं, हे आपल्याला खरं तर कोणापेक्षाही चांगलं कळायला हवं. हरकत म्हणजे बग रिपोर्ट. "पर्यटनामुळे पक्ष्यांना त्रास होतो" हा बग रिपोर्ट नाही, ते रडगाणं. "डिसेंबर ते फेब्रुवारी, रविवारी सकाळी सात ते दहा, मनोऱ्याकडच्या रस्त्यावर गाड्या थेट पाण्याच्या कडेला जातात; पार्किंग गावात करावं, तिथलं शुल्क ग्रामपंचायतीला मिळावं, पुढे चालत जावं, वयस्कर लोकांसाठी बॅटरीची गाडी गावातल्याच कोणाला तरी चालवायला द्यावी" हा बग रिपोर्ट. जागा, वेळ, काय घडतं, काय व्हायला हवं. सोबत तारीख असलेला फोटो. आणि पाठवण्याआधी गावातल्या माणसाला मराठीत वाचून दाखवायचं, कारण टेस्टिंग त्याच्याच मशीनवर होणार आहे. त्याचा वावरातला रस्ता आपल्या सूचनेत अडकत असेल तर सूचना बदलायची. आपली चूक निघाली तर रविवार हुकेल; त्याचा हंगाम जाईल.

ग्रुपवर मी हे सगळं टाकलं. बोटवाल्या मित्राचं उत्तर आलं, "पण मग आपला नक्की काय संबंध? आपण वर्षातून दोनदा जातो."

गाडीतून बघितला तर संबंध दोनदाचाच. नदीतून बघा. नंदिनी आणि वाघाडीत जे सोडलं जातं ते गोदावरीत येतं. गोदावरी इथून एकलहरे, चांदोरी, सायखेडा करत नांदूरच्या बंधाऱ्याला जाऊन थांबते. तिथे पाणी साचतं आणि शहराच्या सांडपाण्यातल्या खतावर पाणवेली माजते. रामसरच्या नोंदीत या जागेला असलेल्या धोक्यांमध्ये पाणवेलीचं नाव स्पष्ट आहे. जिथे वेलीची गादी पसरते तिथे उघडं पाणी उरत नाही, आणि बदकं बसणार कुठे? गोदावरीच्या प्रदूषणाची जनहित याचिका २०१२ पासून मुंबई उच्च न्यायालयात गेलेली आहे, म्हणजे गोष्ट नवीही नाही.

आपण मनोऱ्यावर वर्षाचे सहा तास असतो. आपलं बेसिन, वॉशिंग मशीन आणि संडास तिथे रोज असतात. बोट हवी की नको, यावर जेवढं बोलतो तेवढंच नाशिकच्या मलनिस्सारण केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याबद्दल विचारलं, तर ती नांदूरबद्दलचीच सूचना ठरेल, आणि ती चापडगावच्या माणसापेक्षा आपणच जास्त हक्काने करू शकतो. तो रस्त्याचं लिहील, आपण नाल्याचं लिहू.

हरकतीच्या पत्रावर नाव आणि पत्ता लिहावाच लागतो. गंगापूर रोड, इंदिरानगर, पंचवटी, जो असेल तो लिहा. नदीच्या हिशेबात आपण सगळे वरच्या अंगाला राहतो.