चार फेऱ्यांच्या पेट्रोलमध्ये पाचवी फेरी

मुंब्र्याहून खेड तालुक्यातले आमचे गाव सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. पनवेल, पेण, वडखळ, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर आणि कशेडी उतरला की आपला मुलूख. जाऊन-येऊन साडेचारशे. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मी गावच्या घरात एकट्याच राहतात. मुंब्र्याच्या खोलीत त्यांचा जीव रमत नाही. सुरुवातीला आम्ही दर महिन्याला जायचो. मग मुलीच्या कॉलेजची फी वाढली, पेट्रोल शंभरीपार गेले आणि दर महिन्याची फेरी दोन महिन्यांवर आली. निघताना अम्मी काही मागत नसत. दारात उभ्या राहून एवढेच विचारत, "पुढच्या महिन्यात येशील ना?" मी "इन्शाअल्लाह" म्हणायचो आणि मनात हिशोब करायचो.

गेल्या वर्षी एका निकाहसाठी मामू मुंब्र्याला आले होते. परत जाताना माझ्याच गाडीने निघाले. मामूंची सारी नोकरी एसटीत, ड्रायव्हर म्हणून, या रस्त्यावर गेली. तेव्हा हा महामार्ग सतरा नंबरचा होता, आता सहासष्ट नंबरचा झाला. नंबर बदलला, पण मामूंना रस्त्याचे वळण न् वळण पाठ आहे.

फजरची नमाज पढून निघालो. सवयीप्रमाणे मी गाडी सुरू करून ठेवली आणि सामान आणायला वर गेलो. खाली येतो तो गाडी बंद. मामू म्हणाले, "उभ्या गाडीला पेट्रोल कशाला पाजतोस?" मी म्हटले, इंजिन गरम व्हायला नको का? ते म्हणाले, "चालता चालता गरम होईल. पहिले दोन-तीन किलोमीटर दामटू नकोस म्हणजे झाले." नंतर माझ्या मेकॅनिकनेही हेच सांगितले. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांना उभे राहून गरम व्हायची गरज नसते.

मग मामूंनी वर बोट दाखवले. टपावरचा कॅरियर दोन वर्षे रिकामाच होता. ईदला सामान नेण्यासाठी बसवला, तो काढायचा राहून गेला. "हा वारा अडवतो. वाऱ्याशी झगडायला पैसे लागतात." त्या दिवशी कॅरियर काढायला वेळ नव्हता. पनवेलच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली आणि हवा मात्र तपासली. गाडीच्या दरवाजाच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर 33 पौंड लिहिले होते. पुढची दोन्ही चाके 25 वर होती. कमी हवेचे टायर रस्त्याला जास्त चिकटते आणि इंजिनाला ते ओढत न्यावे लागते. ही पट्टी मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

कर्नाळ्याच्या झाडीतून निघून पेण ओलांडले. वडखळ नाक्यावर अलिबागची गर्दी उजवीकडे वळली आणि रस्ता मोकळा झाला. मीही मोकळा झालो. पुढे एक एसटी होती, तिला मागे टाकले. कंटेनर आला, ब्रेक दाबला, पुन्हा पाय दिला, पुन्हा ब्रेक. नागोठण्याच्या अलीकडे ती एसटी पुन्हा पुढे गेली. मी ती पुन्हा मागे टाकली. मामू काही बोलले नाहीत. कोलाडला कुंडलिकेचा पूल ओलांडला, इंदापूर गेले आणि माणगावात नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग लागली. पाच मिनिटांनी शेजारी लाल रंग येऊन थांबला. तीच एसटी होती. तिच्या खिडकीतली एक मुलगी आमच्याकडे बघून हसत होती.

आता मामू बोलले. "त्याने सारा रस्ता एका चालीने काटला. तू चार वेळा धावलास, चार वेळा थांबलास. पोहोचलात दोघेही इथेच. ब्रेक दाबलास की जळलेले पेट्रोल ब्रेकमध्ये गेले असे समज."

ही गोष्ट मी कधी अशी पाहिली नव्हती. गाडीला वेग द्यायला पेट्रोल लागते आणि ब्रेक त्या वेगाची नुसती उष्णता करून टाकतो. म्हणून चांगला ड्रायव्हर पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे बघत बसत नाही, त्याच्याही पुढच्या दोन-तीन गाड्या बघतो. लांबवर रांग दिसली, गतिरोधक दिसला, की आधीच पाय उचलतो. गाडी आपसूक हळू होते, ब्रेकला काम उरत नाही.

रांग हलेना. मी एसी लावून इंजिन चालू ठेवले होते. मामूंनी काच खाली केली आणि किल्लीकडे बघितले. मी इंजिन बंद केले. उभी छोटी गाडीसुद्धा तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते, एसी असेल तर जास्तच. जिथे मिनिटभर थांबणे नक्की आहे तिथे इंजिन बंद करणे फायद्याचे. फक्त रांग इंच इंच सरकत असेल तर हा खेळ करू नये.

एसटीत डेपोच्या फळ्यावर दर महिन्याला प्रत्येक ड्रायव्हरचा केपीटीएल लागायचा, मामू सांगू लागले. केपीटीएल म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर. "गाडी तीच, रस्ता तोच, पासिंजरही तेवढेच. तरी एकाचा आकडा वर, एकाचा खाली. फरक पायात असतो, बाळा."

महाडला जोहरची नमाज पढली, डबा खाल्ला. महाड सोडल्यावर सावित्रीचा नवा पूल लागतो. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात इथला जुना पूल वाहून गेला. त्यात एसटीच्या दोन गाड्या नदीत गेल्या. पूल येताच मामूंनी बोलणे थांबवले आणि त्यांचे ओठ हलू लागले. पलीकडे पोहोचेपर्यंत कुणीच काही बोलले नाही. मग ते म्हणाले, "पेट्रोल वाचवायला म्हणून जिवाशी खेळू नकोस, एवढे आधी लक्षात ठेव."

त्यांना काय म्हणायचे होते ते कशेडीत कळले. बोगद्यामुळे आता घाटाची वळणे टळतात, चढही वाचतो. पण मामू म्हणाले, आज जुन्या घाटाने ने. चढाला त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हू लागेपर्यंत थांबायचे नाही, वेळेत खालचा गिअर टाकायचा. आणि वळणावर जोर लावून पुढच्या वळणावर दाबायचे नाही, एकसारखे चढायचे.

माथा ओलांडला आणि मी मोठ्या हुशारीने गाडी न्यूट्रल केली. उतारावर इंजिनाचे काम काय? मामू एकदम कडाडले, "गिअर टाक आधी!" माझ्या हाताने ऐकले, डोके नंतर. पुढच्या वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी स्वतःच सावरत उतरू लागली तेव्हा ते शांत झाले. न्यूट्रलमध्ये सारा भार ब्रेकवर येतो, लांब उतारावर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक लागत नाहीत. काही जण तर उतारावर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला मिळणारी मदत जाते, पॉवर स्टिअरिंग जड होते. अशा गाड्या दरीत गेलेल्या त्यांनी पाहिल्या आहेत.

गंमत म्हणजे न्यूट्रलने पेट्रोलही वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला, तर आताच्या इंजिनात पेट्रोलचा फवारा जवळपास पूर्ण बंद होतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहते. न्यूट्रलमध्ये मात्र ते बंद पडू नये म्हणून त्याला थोडे पेट्रोल द्यावेच लागते. म्हणजे जी गोष्ट जिवाला सुरक्षित, तीच खिशालाही स्वस्त.

जगबुडीचा पूल ओलांडून खेड आले. संध्याकाळी अम्मींच्या पडवीत बसून मी वहीत हिशोब मांडला. टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, परत पंपावर पुन्हा तेवढीच भरायची आणि किती लिटर गेले ते बघायचे. याहून खरे मोजमाप नाही. माझी जुनी सरासरी लिटरला 14 किलोमीटर होती. त्या फेरीत निम्मा रस्ता माझ्या जुन्या पायाने गेला, तरी 16 पडले.

पुढच्या वेळी कॅरियर काढला. हवा घरून निघतानाच, टायर थंड असताना तपासली. मोकळ्या रस्त्यावर शंभरऐवजी सत्तर-ऐंशी धरले. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ऐंशीच्या मानाने शंभरला तो दीडपटीहून जास्त असतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना तर 45 ते 55 हाच सर्वांत किफायतशीर वेग सांगते. महामार्गावर तेवढे हळू नेहमी जमत नाही, पण जितके जवळ जाता येईल तितके बरे. भर वेगात काचा उघडण्यापेक्षा बेताचा एसी बरा, आणि शहरात सकाळच्या गारव्यात काचा बऱ्या. घरातून निघून पोहोचायला आता वीस-पंचवीस मिनिटे जास्त लागतात. पाठ कमी दुखते, मुलीला उलटी होत नाही.

एका सल्ल्यापुढे मात्र मी हरलो. गाडीत फालतू वजन ठेवू नये म्हणतात. परतताना अम्मी तांदूळ, नारळ, मे महिन्यात फणस आणि वर सोलांची बरणी चढवतात. ते उतरवायला कोण सांगणार? डिकीतली जुनी अवजारे आणि पाण्याचे दोन कॅन काढून मी फणसाला जागा केली.

आता सरासरी 18 येते. साडेचारशे किलोमीटरच्या फेरीला पूर्वी 32 लिटर लागत, आता 25. चार फेऱ्यांना पूर्वी 128 लिटर लागायचे. आता पाच फेऱ्या 125 लिटरमध्ये होतात. लहानपणी आम्हाला शिकवले होते की वुजू वाहत्या नदीकाठी करत असलात तरी पाणी वाया घालवू नका. इस्राफ हा शब्द मी पाण्याला, अन्नाला लावायचो. माझ्या उजव्या पायालाही तो लागू आहे, हे मला कशेडीच्या रस्त्याने सांगितले.

पाचव्या फेरीला आम्ही न कळवता गेलो. गाडीचा आवाज ऐकून अम्मी घाईने अंगणात आल्या. चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीती होती. "काय झाले? खैरियत आहे ना? हा तर तुझा यायचा महिना नाही."

"सगळे खैरियत आहे, अम्मी. पेट्रोल उरले होते," मी म्हटले.

त्यांना काही उमगले नाही. त्या सुनेचा हात धरून आत गेल्या आणि चहाचे आधण ठेवले. निघताना त्या नेहमीसारख्या दारात उभ्या राहिल्या. "पुढच्या महिन्यात येशील ना?"

"इन्शाअल्लाह," मी म्हणालो. या वेळी मनात हिशोब केला नाही.