गाळातला केशरी ठिपका

३ डिसेंबर २०२३
मतमोजणीचा दिवस. रस्ते रिकामे. भिलाईजवळच्या उतईच्या पुढे, तरियाच्या, म्हणजे तळ्याच्या, शेवटच्या पायरीखालून गाळ काढला. वर तपकिरी, बोटभर खाली काळाकुट्ट. सडक्या अंड्यांचा वास. कपडे धुणाऱ्या आजीने विचारलं, "का करत हस नोनी?" चिखलातले जीव शोधते म्हटलं. सरकून जागा दिली तिने.

५ डिसेंबर
दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करून प्लेटा घातल्या. ३० अंश. आर२ए, म्हणजे अर्धपोटी माध्यम. भरपूर खायला दिलं की आडदांड जंतू प्लेट बळकावतात, लाजरे वर येतच नाहीत.

९ डिसेंबर
प्लेट १७. पांढऱ्यांच्या गर्दीत एक ठिपका. झेंडूसारखा केशरी.

१४ डिसेंबर
चौथ्यांदा रेघोट्या ओढल्या. आता शुद्ध. ग्रॅम रंगात जांभळा, आखूड काडी. हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब, लगेच बुडबुडे. नाव ठेवलं यू-१७.

२८ डिसेंबर
१६एस जनुकाचा क्रम आला. वंश एक्झिग्युओबॅक्टेरियम. सर्वांत जवळच्या नातेवाइकाशी ९८.१ टक्के सारखा. नव्या प्रजातीची रेघ ९८.७ला. खाली आहे! झोप नाही.

२९ डिसेंबर
आई म्हणाली, पोर जन्मायच्या आधी नाव ठरवू नये. वहीच्या मागच्या पानावर लिहूनही झालं होतं: उतईएन्से.

७ जानेवारी २०२४
बाबांना समजावून सांगितलं. नवी प्रजाती म्हणून मान्यता हवी तर जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो, म्हणजे कुणालाही मागवून पडताळता येतो. बाबांची उमर कोक ओव्हनवर गेली. म्हणाले, "बरोबर आहे. आमच्याकडेही एकाच्या सांगण्यावर कोक पास होत नसे."

१५ जानेवारी
संक्रांत. तीळगूळ डब्यात घालून लॅबमध्ये. मॅडमनी क्रमाचा आलेख उघडला. शेवटच्या दीडशे अक्षरांत शिखरं एकमेकांवर चढलेली. मी ती न छाटताच तुलना केली होती. मॅडम रागावल्या नाहीत. पुन्हा दोन्ही टोकांकडून वाचून घे, एवढंच.

२५ जानेवारी
छेरछेरा. पोरं धान मागत दारोदार. आईने सुपातून तांदूळ घातले.
संध्याकाळी निकाल. पूर्ण क्रम, ९९.६ टक्के. नातेवाईक: एक्झिग्युओबॅक्टेरियम एन्क्लेन्से.

२६ जानेवारी
काही केलं नाही.

३० जानेवारी
एन्क्लेन्सेवरचा २०१५चा लेख काढला. गोव्यातलं चोडण बेट, तिथला समुद्री गाळ. 'एन्क्ल' म्हणजे एनसीएल, पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. मांडवीच्या मुखाजवळचा खारा चिखल आणि भिलाईजवळचं गोडं पाणी. कसं शक्य आहे?
मॅडम म्हणतात, ९९.६ने सिद्ध होत नाही काही. या वंशात १६एस फार जवळ जवळ असतात. जीनोम कर. पैसे आहेत एकाच नमुन्यापुरते.

२ फेब्रुवारी
पुन्हा आशा. नको वाटते, तरी आहे.

११ फेब्रुवारी
बॅसिलस आर्यभट्टाईबद्दल वाचलं. फुग्याने वरच्या वातावरणातून आणलेल्या हवेत सापडलेला. २००९ साली आर्यभट्टांचं नाव मिळालं. पुढे जीनोम ताडल्यावर जुना मेगाटेरियमच निघाला. त्या लोकांनी किती वर्षं घातली असतील. त्यांचं काम मला लहान वाटत नाही. ताडून पाहायला त्यांनी नमुना ठेवला होता.

१९ मार्च
जीनोम आला. एन्क्लेन्सेशी सरासरी सारखेपणा ९७.३ टक्के. ९५-९६च्या वर एकच प्रजाती.
तोच आहे.

२० मार्च
मागचं पान फाडलं नाही. उतईएन्सेवर एक रेघ मारली, बाजूला तारीख.

२५ मार्च
धुळवड. गल्लीभर केशरी रंग. दिवसभर यू-१७ डोळ्यांसमोर.

२ एप्रिल
मॅडम: गोड्या पाण्यातला एन्क्लेन्से, ही नोंद करण्यासारखी आहे. मिठाचं प्रमाण बदलून वाढवून बघ. शून्यापासून सुरू केलं.

५ एप्रिल
मिठाशिवायही वाढतो. छान वाढतो.

९ एप्रिल
पाडवा. गुढी उभारून तरियावर गेले. आजी होती. सापडला, पण आधीच गोव्यात सापडलेला आहे, त्याचं नावही ठरलेलं आहे, असं सांगितलं. तिने विचारलं, गोवा कुठे? समुद्राकाठी, म्हटलं.
पाणी दोन पायऱ्या खाली गेलंय. गाळ काढला ती जागा वाळून भेगाळली आहे. तिथला यू-१७ आता फक्त लॅबमध्ये, उणे ८० अंशांवर, तीन नळ्यांत.