शेरूचे कागद

आमच्या घरी दोन कुत्री होती, शेरू आणि बिजली. दोन्ही सोलापूरच्या आमच्या गल्लीतलीच, गावठी. शेरू एका पावसाळ्यात भिजत येऊन जिन्याखाली बसला आणि तिथेच राहिला. बिजलीला मोटारसायकलने उडवले होते. पाय बरा होईपर्यंत तिला ठेवायचे ठरले. पाय बरा झाला, पण ती गेली नाही.

अम्मींचा याला सक्त विरोध. कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत, हे त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. शेवटी तडजोड झाली. कुत्री अंगणात, उंबरठ्याबाहेर राहतील. नमाजची जागा, कपडे, भांडी सगळे अलग. असहाबे-कहफचा कुत्राही गुहेच्या उंबरठ्यावर पाय पसरून बसला होता, याची आम्ही अम्मींना आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, "तो वलींचा कुत्रा होता. तुम्ही कोण लागून गेलात?"

आम्ही म्हणजे दोघे नवराबायको. एक उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक, दुसरी खासगी इस्पितळात नर्स. २०२२ च्या उन्हाळ्यात नर्सबाईंना इंग्लंडमध्ये नोकरी मिळाली. जोडीदाराला सोबत जाण्याची परवानगी होती. आनंद झाला, आणि त्याच रात्री अंगणातून शेरूचे भुंकणे ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो.

नातेवाइकांचा सल्ला एकच होता, "सोडून द्या. गल्लीतली होती, गल्लीत राहतील." पण आठ-नऊ वर्षे आयते खाल्लेला कुत्रा गल्लीत जगत नाही. दुसरी कुत्री त्याला टिकू देत नाहीत. कुणी सांभाळतो का, म्हणून आम्ही विचारून पाहिले. जातिवंत कुत्रा असता तर चार जण पुढे आले असते. गावठीला कोण विचारतो?

मग नियम वाचायला बसलो. कुणी सांगितले होते की विलायतेत कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवतात. एके काळी ते खरे होते. बाहेरून आलेल्या प्रत्येक कुत्र्याला तिथे सहा महिने क्वारंटाइन होते. रेबीज त्यांनी आपल्या बेटावरून हद्दपार केला होता, तो परत येऊ नये म्हणून ही सक्ती. २००० पासून काही देशांतल्या जनावरांना त्यातून सूट मिळू लागली, आणि २०१२ पासून भारतासारख्या देशांतूनही रक्ततपासणीच्या अटीवर कोंडवाड्याशिवाय जाता येऊ लागले.

अटी अशा. आधी कातडीखाली पंधरा आकडी क्रमांकाची मायक्रोचिप बसवायची. त्यानंतरच रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. रक्तातली प्रतिकारशक्ती ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त भरली पाहिजे. आणि रक्त काढल्या दिवसापासून पुरे तीन महिने थांबायचे. हे थांबणे उगाच नाही. रक्त घेण्याआधीच कुत्र्याला लागण झालेली असेल, तर ती बहुतेक करून या मुदतीत उघडी पडते. कागदांत चूक निघाली तर तिकडे चार महिन्यांपर्यंत क्वारंटाइन, तेही मालकाच्या खर्चाने.

जूनमध्ये दोघांना चिप आणि लस झाली. त्याच महिन्यात आमच्यातले निम्मे विमानात बसले, निम्मे शाळा आणि कुत्री सांभाळत मागे राहिले. जुलैत रक्त गेले. ऑगस्टमध्ये निकाल आला. बिजली पास. शेरू ०.३.

मुलांचे गुण लिहिता लिहिता आमची उमर चालली आहे, पण नापासाचा कागद इतका कधी लागला नव्हता. म्हणजे पुन्हा लस, पुन्हा तीस दिवस, पुन्हा रक्त आणि तिथून नवे तीन महिने. फोनवर आमचे पहिल्यांदा कडाक्याचे भांडण झाले. बिजलीला घेऊन निघावे आणि शेरूला इथेच ठेवावे, असे एकाचे म्हणणे. कुणाचे ते सांगत नाही, कारण दुसऱ्या दिवशी ते म्हणणे दोघांनीही मागे घेतले.

उर्दूत क्वारंटाइनला करंतीना म्हणतात. मुळात हा शब्द इटलीतला, अर्थ चाळीस दिवस. आमच्याकडे बाळंतिणीचा चिल्लाही चाळीस दिवसांचाच. जुन्या हाजी लोकांना हा शब्द चांगला ठाऊक होता. जहाजाने हजला जाणाऱ्यांना तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उतरवून करंतीन्यात ठेवत. मक्का पुढ्यात, आणि माणूस बेटावर दिवस मोजत बसलेला. आम्हीही आमच्या अंगणात तसेच दिवस मोजत होतो.

सप्टेंबरच्या अखेरीस शेरूचे रक्त पुन्हा गेले. ऑक्टोबरमध्ये निकाल आला, १.२. वर्गात पेढे वाटले. का, ते मुलांना सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, शेरू दुसऱ्या अटेम्प्टला पास झाला?"

थांबण्याचे ते तीन महिने पिंजऱ्याच्या तालमीत गेले. विमानाचा पिंजरा असा हवा की जनावराला आत उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे, आडवे होता आले पाहिजे. पहिला पिंजरा मालवाहतूकवाल्यांनी परत पाठवला, शेरूचे कान छताला लागत होते. नवा आणला. रोज जेवण त्यातच द्यायचे, म्हणजे भीती मोडते. झोपेचे औषध द्यायचे नाही. उंचावर ते रक्तदाब आणि श्वास बिघडवू शकते. इंग्लंडला विमानाने जाणारी कुत्री प्रवाशासोबत नव्हे, तर माल म्हणून नोंदवून जातात, आणि मालकाने आगेमागे पाच दिवसांच्या आत पोहोचायचे असते.

शेवटची अट जंताच्या गोळीची. पोहोचण्याच्या वेळेआधी २४ तासांहून कमी नको आणि १२० तासांहून जास्त नको, आणि गोळी दिल्याची वेळ डॉक्टरांनी कागदावर लिहायची. दोन देशांच्या घड्याळांत साडेपाच तासांचा फरक. हे गणित आम्ही फळ्यावर मांडले आणि सातवीच्या मुलांनी सोडवले.

कागद जमवताना अम्मी शेजारी बसून पाहत. लसीचा दाखला, रक्ताचा अहवाल, मुंबईच्या प्राणी क्वारंटाइन केंद्राची परवानगी, आरोग्य प्रमाणपत्र. एक दिवस त्या हसत म्हणाल्या, "याचं रक्त तपासून याला घेतात. माझंही तपासून बघा म्हणावं. शुगर सोडली तर सगळं ठीक आहे."

आम्ही हसलो नाही. कारण ते नियमही आम्ही वाचले होते. म्हाताऱ्या आईवडिलांना तिकडे कायमचे नेण्याची वाट २०१२ मध्ये फार अरुंद करून ठेवली आहे. दुसऱ्याच्या मदतीवाचून दिवस निघत नाही आणि तशी मदत मायदेशी मिळूच शकत नाही, हे सिद्ध करावे लागते. अम्मी हिंडत्याफिरत्या, आणि सोलापुरात भाईजान आहेत. त्यांची तब्येत चांगली आहे हाच त्यांचा दोष. शेरूला ०.३ वर दुसरी संधी मिळाली. अम्मींसाठी असा कुठला आकडाच नव्हता, की तो गाठला आणि दार उघडले. पण सगळा दोष कायद्यावर टाकणे बरे नव्हे. जायचे आम्ही ठरवले होते, कायद्याने नाही.

जानेवारी २०२३ मध्ये निघालो. गाडीत पिंजरे चढवताना अम्मी अंगणात आल्या. ज्या हाताने त्यांनी कधी शेरूला शिवले नव्हते, त्या हातात भाकरी होती. लांबून टाकली नाही, पिंजऱ्याच्या जाळीतून आत दिली. मग नळावर जाऊन हात धूत बराच वेळ आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

लंडनला विमान उतरल्यावर हीथ्रोच्या प्राणी केंद्राबाहेर आम्ही दोघे काही तास बसलो होतो, सहा-सात महिन्यांनी एकत्र. आत चिपचा क्रमांक, तारखा, गोळीची वेळ तपासत होते. मग दार उघडले. बिजली आधी आली. शेरू मागून, शेपूट पायांत घालून. आवाज ओळखल्यावर मात्र त्याने जो सूर लावला, त्याने तिथला कर्मचारीही हसला. कोंडवाडा टळला होता. खर्च विचारू नका, कित्येक महिन्यांचा पगार त्यात गेला. आपल्यापैकी कुणी जनावर घेऊन तिकडे जाणार असेल तर एवढेच सांगतो, तिकिटाआधी सात-आठ महिने सुरुवात करा, आणि एकदा नापास होणे हिशेबात धरा.

अम्मी भेटीच्या व्हिसावर सहा महिने येऊ शकतात. थंडीचे नाव काढून टाळतात. पण रोज व्हिडिओवर आमची खुशाली विचारून झाली की म्हणतात, "शेरूला दाखवा." दाखवतो. मग विचारतात, "उंबरठ्याबाहेरच आहे ना?"

आम्ही हो म्हणतो. इथल्या थंडीत तो स्वयंपाकघरात झोपतो, हे अजून सांगितलेले नाही. फोनमध्ये मागे चूल दिसते, फडताळ दिसते. अम्मींनाही ते दिसत असणार. त्या काही बोलत नाहीत.