सक्कारा दैनंदिनी : उनासचा पिरॅमिड


रविवार, कैरो
गाडीभाड्यापोटी 1400 पौंड, पाण्याच्या बाटल्यांचे 60, आणि कोशरी, म्हणजे भात, मसूर, मकरोनी व तळलेला कांदा यांवर टोमॅटोचा आंबट रस्सा घालून मिळणारे येथील पोटभरीचे खाणे, तिचे 120 पौंड असा खर्च झाला. गाडी दोन तास उशिरा आल्याने कैरोच्या दक्षिणेस सुमारे 30 किलोमीटरवरील सक्काऱ्याच्या दफनभूमीत पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आले होते. धूळ अतोनात.

सोमवार, सक्कारा
पुन्हा उशीर आणि पुन्हा तीच धूळ. इ.स.पू. 24 व्या शतकातील उनास हा पाचव्या राजवंशाचा अखेरचा राजा असून, त्याने जोसर राजाच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडच्या आवाराबाहेर, नैर्ऋत्येस, आपल्या थडग्यासाठी जागा निवडली. त्याच्या पिरॅमिडची मूळची उंची अवघी 43 मीटर, पायाची बाजू सुमारे 58 मीटर, आणि आतला भराव ओबडधोबड दगडांचा. त्यामुळे वरचे घडीव चुनखडीचे आवरण लोकांनी काढून नेल्यावर जे उरले ते दुरून खडीच्या टेकाडासारखे दिसते, आणि पर्यटकांचे जथे त्याकडे पाठ फिरवून जोसरकडे वळतात, हे फार खेदाचे आहे. दुसऱ्या रामसेसचा पुत्र खाएमवासेत याने हजाराहून अधिक वर्षांनी या वास्तूची डागडुजी केली व तसा लेख दक्षिणेकडील आवरणावर कोरविला. म्हणजे त्याच्या काळीही ही वास्तू पुरातनच होती.

मंगळवार, सक्कारा
खर्चाची नोंद राहून गेली. उत्तरेकडून उतरणारा मार्ग इतका ठेंगणा आहे की कमरेत वाकूनच जावे लागते; वाटेत ग्रॅनाइटच्या तीन अडसर-शिळांच्या जागा लागतात, आणि त्यांपलीकडे आधी बाहेरची व मग शवपेटीची खोली येते. दोन्ही खोल्यांच्या भिंतींवर उभ्या ओळींत, निळ्या रंगाने भरलेली चित्रलिपी कोरलेली आहे. हेच ‘पिरॅमिड-लेख’, म्हणजे मृत राजाने उठावे, आकाशात चढावे आणि देवांत वावरावे यासाठी म्हणावयाचे मंत्र. येथे ते दोनशेहून अधिक असून, राजाच्या पिरॅमिडात असे लेख कोरण्याची सुरुवात उनासपासून झाली. खुफू राजाच्या, मूळच्या 146 मीटर उंच पिरॅमिडात याची एक ओळही नाही. पिरॅमिडाचे मोल उंचीवर ठरविण्याची सवय या खोलीत उभे राहिल्यावर टिकत नाही.

येथील वृद्ध रखवालदाराबद्दल मुद्दाम लिहावयास हवे. त्याने विजेरी भिंतीवर समोरून न मारता भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरली, त्याबरोबर प्रत्येक अक्षराच्या कडेला सावली पडून छिन्नीचा घाव दिसू लागला. मात्र दाखवताना त्याचे बोट भिंतीपासून सतत वीतभर दूर राहिले. नंतर त्याने प्रकाश वर नेला, तेव्हा छतावरचे पाच टोकांचे तारे ओळीने उजळले. काळ्या दगडाच्या शवपेटीभोवतीच्या भिंतींना अलाबास्टर हा दुधी दगड बसविलेला असून, त्यावर राजवाड्याच्या दर्शनी भागाची नक्षी रंगविली आहे. 1881 मध्ये पुरातत्त्वज्ञ गास्तों मास्पेरो येथे शिरला तेव्हा चोर कधीच येऊन गेले होते; ममीचे थोडेच अवशेष हाती लागले.

बुधवार, सक्कारा
पिरॅमिडापासून दरीतील मंदिरापर्यंत गेलेला सुमारे 750 मीटरचा मार्ग एके काळी छताने झाकलेला होता, आणि छतामधील लांबट फटीतून आतल्या कोरीव चित्रांवर उजेड पडत असे. ग्रॅनाइटचे स्तंभ वाहून आणणारी जहाजे आणि बरगड्या बाहेर आलेली उपाशी माणसे ही त्यांतील प्रसिद्ध दृश्ये होत. उपाशी माणसांवरून उनासच्या काळी मोठा दुष्काळ पडला असे लिहिले गेले. परंतु आधीच्या साहुरे राजाच्या अबुसीर येथील मार्गावरही तसेच दृश्य सापडल्याने हा निष्कर्ष सोडणेच योग्य. ऊन असह्य झाल्याने दुपारीच परतावे लागले.

गुरुवार, सक्कारा
मार्गाच्या दक्षिणेस चुनखडीने बांधलेले, प्रत्येकी सुमारे 45 मीटर लांबीचे, नावेच्या आकाराचे दोन खड्डे आहेत. हा मार्ग बांधताना जोसरच्या वास्तूतील दगड तर घेतलेच, शिवाय न्यांखख्नुम आणि ख्नुमहोतेप या राजसेवकांच्या मस्तब्याचा, म्हणजे सपाट माथ्याच्या थडग्याचा, दर्शनी भागही मोडून वापरला. 1964 मध्ये ते थडगे उघडकीस आले, आणि मार्गाच्या पायात गाडलेले त्याचे दगड ओळखून, काढून, पुन्हा मूळ जागी बसविण्यात आले.